सुके बोंबील, सोडे आणि पाच थरांची पिशवी : एका बचत गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातला हा बचत गट आहे. नाव-गाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी मला हे लिहायची परवानगी दिली. गटात अकरा जणी. घरची मासळी वलांडीवर (सुकवण्यासाठी बांधलेल्या मांडवावर) सुकवायची, आठवडी बाजारात विकायची आणि उरलेली मुंबईच्या व्यापाऱ्याला घाऊक भावात द्यायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. माल म्हणजे सुके बोंबील, जवळा (बारीक सुकी कोलंबी), सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी), थोडे मांदेली आणि खारा बांगडा.

सुक्या मासळीचा धंदा आगोटीवर, म्हणजे पावसाळ्याआधीच्या दिवसांवर, उभा असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. त्याआधी घरोघरी पावसाळ्याची बेगमी होते आणि मे महिन्यात बाजाराला उधाण येतं. नेमक्या त्याच दिवसांत घाऊक व्यापारी भाव पाडतो. पावसाच्या आत माल उचलला नाही तर तो खराब होणार, हे त्यालाही माहीत असतं.

करोनाच्या काळात बाजार बंद पडले. गटातल्या एकीच्या मुलाने शहरातल्या ओळखीच्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली आणि मागणी येऊ लागली. मुंबई, पुणे, नाशिक. घाऊकपेक्षा भाव जवळजवळ दुप्पट. गटाच्या अध्यक्ष (पुढे त्यांना ताईच म्हणते) पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, "म्हावरं आमचं चोख आहे, पोचेपर्यंत पिशवी दगा देते."

मी अन्नपदार्थांच्या पॅकिंगवर काम करते. एका प्रशिक्षण वर्गात त्या भेटल्या आणि हे प्रकरण सुरू झालं.

अडचण

पहिल्या भेटीत मी तक्रारींची वही मागितली. वही नव्हती, फोनमधले निरोप होते. ते वाचून काढले तेव्हा तक्रारींचे चार गठ्ठे पडले.

पहिली तक्रार वासाची. कुरिअरवाल्याने दोन वेळा पार्सल परत केलं आणि तिसऱ्यांदा घ्यायलाच नकार दिला. शेजारच्या खोक्यांना वास लागतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. दुसरी तक्रार, पावसाळ्यात बोंबील लिबलिबीत होऊन त्यावर पांढरी बुरशी धरते. तिसरी, सोड्यांचा गुलाबी रंग उडून ते पिवळट दिसतात आणि गिऱ्हाईक ते जुने समजतं. चौथी, पिशवीला भोकं पडून मासळीचा चुरा खोक्यात सांडतो.

माल भरला जात होता बाजारात किलोवर मिळणाऱ्या साध्या एलडीपीईच्या (एक प्रकारचं पॉलिथिन) पारदर्शक पिशवीत. मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं, वर रबर.

हे प्लास्टिक वाईट नाही, या कामासाठी चुकीचं आहे. एलडीपीई पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवतं, ते चिवट आहे, उष्णतेने छान चिकटतं. पण हवा आणि वास अडवणं त्याला जमत नाही. २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या एलडीपीईमधून एका चौरस मीटरला दिवसाकाठी काही हजार घनसेंटिमीटर ऑक्सिजन आरपार जातो. तेवढ्याच जाडीच्या कोरड्या नायलॉनमधून शंभराच्याही आत. नायलॉनचं दुखणं नेमकं उलटं : ते ऑक्सिजन आणि वास रोखतं, टोचलं तरी सहज फाटत नाही, पण पाण्याची वाफ त्यातून जाते. एकट्याने कोणतंच पुरं पडत नाही, म्हणून कारखान्यात दोन्हींचे थर एकत्र ओततात : आत-बाहेर पॉलिथिन, मधे नायलॉन आणि त्यांना धरून ठेवणारे चिकट थर. बाजारात याला पाच थरांची किंवा नायलॉन पिशवी म्हणतात.

बुरशीचं कारण मात्र पिशवीत नव्हतं, आणि हे बायकांना पटवून द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. वाळलेल्या पदार्थात सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं पाणी किती शिल्लक आहे, त्यावर बुरशी ठरते. ते शून्य ते एक अशा मापात मोजतात. ते ०.६० च्या खाली असेल तर काहीही वाढत नाही. ०.७० च्या वर गेलं की बुरशीचं फावतं. ताज्या बोंबलात वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. बाहेरून कडक झालेला बोंबील पाठीच्या काट्यापाशी ओला राहू शकतो. असा माल घट्ट पिशवीत कोंडला, की आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि सगळ्या पिशवीला भिजवतं. उघड्या टोपलीत तोच बोंबील वाऱ्यावर वाळत राहिला असता.

तपासलेले पर्याय

ताईंचा पहिला प्रश्न बंदीचा होता. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा बाजारात पाच हजारांचा दंड भरलेली बाई त्यांच्या ओळखीत होती. त्यामुळे "प्लास्टिक नकोच" असा गटात एक सूर होता. मी त्यांना फरक समजावून सांगितला. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची केंद्राची अट आहे ती हातात धरून न्यायच्या पिशव्यांना. पदार्थ ज्यात सीलबंद विकला जातो ते वेष्टन वेगळं मोजलं जातं, आणि त्यासाठी ५० मायक्रॉनच्या वरचा माल, बनवणाऱ्याचं नाव-नोंदणी क्रमांक छापलेला, बिलासकट घ्यायचा. बिल मागितल्यावर दोन दुकानदारांनी तोंड फिरवलं. त्यांच्याकडून माल न घेण्याचा निर्णय तिथेच झाला.

कागदी पिशवीचा आग्रह पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा होता. मलाही तो मोह होता. पण किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो, आणि कागद ती वाफ अडवत नाही. बाजारात मिळतात त्या 'क्राफ्ट' पिशव्या बाहेरून कागदाच्या असल्या तरी आतून त्यांना प्लास्टिकचा थर असतोच, आणि कागद-प्लास्टिक एकत्र चिकटलेलं असल्यामुळे भंगारवाला दोन्ही म्हणून नाकारतो. हा पर्याय बाद केला.

अॅल्युमिनियम फॉइलची पिशवी अडवण्याच्या बाबतीत सगळ्यांत सरस. वास, प्रकाश, वाफ, हवा, सगळं थांबतं. तरीही दोन कारणांनी नको म्हटलं. एक, बोंबलाचे दात आणि जवळ्याच्या मिश्या, घडी पडते तिथे फॉइलला टाचणीएवढी भोकं पाडतात, आणि एकदा भोक पडलं की महागडं फॉइल फुकट. दोन, सुकी मासळी घेणारी बाई ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेत नाही. नव्या विक्रेत्याकडून तर नाहीच.

नायलॉनची पिशवी आणि निर्वात यंत्र हा तिसरा पर्याय. २५० ग्रॅमची पिशवी साधारण पाच रुपयांना पडत होती, आधीची रुपयाला. टेबलावर मावणारं, झाकणाखाली पिशवी ठेवून हवा ओढणारं यंत्र पन्नास हजारांच्या आसपास. हा आकडा ऐकून खोलीत शांतता पसरली. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बचत गटाच्या सभासदाला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल मिळत होतं. पण तो अर्ज मंजूर होईपर्यंत आगोट निघून गेली असती. शेवटी पहिल्या हंगामात शेजारच्या गावातल्या एका मसालेवाल्याचं यंत्र भाड्याने वापरायचं ठरलं. मागे वळून पाहता सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि तो ताईंचा होता. मी यंत्र घ्यायच्या बाजूने होते.

चौथा पर्याय रुंद तोंडाची पेट बरणी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), झाकणाखाली इंडक्शन सील, म्हणजे तोंडावर उष्णतेने चिकटवलेला पातळ पडदा. चौदा-पंधरा रुपयांना एक, म्हणजे स्वस्त मालाला परवडणारी नाही. पण सोड्यांचा भाव इतका असतो की बरणी त्यात सहज झाकली जाते. शिवाय बरणी चेपत नाही, घरात डाळ-मसाल्याला वापरता येते, आणि तळाशी त्रिकोणात १ असलेलं पेट भंगारवाला आनंदाने घेतो.

पिशवीवर छपाई करायची का, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि छापखाना शेकडो किलोच्या खाली ऑर्डर घेत नाही. कोरी पिशवी आणि स्टिकर.

काय केलं

प्रत्येक मासळीला तिचं वेष्टन, असं ठरलं. बोंबील निर्वात नायलॉन पिशवीत, सोडे बरणीत, जवळा नायलॉन पिशवीतच पण हवा न ओढता.

जवळ्याचं असं का? चाचणीत त्याची हवा ओढली तर त्याची वीट झाली. ती फोडताना निम्मा जवळा पीठ होऊन गेला. हवा हाताने दाबून काढायची आणि सील करायचं, एवढं पुरलं. मात्र जवळ्याची बारीक पूड सीलच्या जागी चिकटते आणि तिथून पिशवी गळते. त्यावर गटातल्या सर्वांत वयस्क आजींनी उपाय काढला : पिशवीचं तोंड कॉलरसारखं बाहेर दुमडायचं, भरून झालं की सरळ करायचं. सीलची जागा कोरी राहते. मोठ्या कारखान्यांत यासाठी वेगळं यंत्र असतं.

सील तपासायला बादलीभर पाणी. दर वीस पिशव्यांमागे एक पाण्यात बुडवून दाबायची, बुडबुडा आला तर मागच्या वीसही तपासायच्या. वास तपासायला रिकामा स्टीलचा डबा. भरलेली पिशवी रात्रभर त्यात झाकून ठेवायची आणि सकाळी डबा उघडून नाकाशी न्यायचा. जुन्या पिशवीने डबा धुऊनही वास जाईना. नव्या पिशवीचा डबा दुसऱ्या दिवशी स्वच्छ होता. कुरिअरवाल्याला पटवायला आम्ही हाच डबा त्याच्या दुकानात नेला. तो तयार झाला.

ओलसरपणा मोजायला प्रयोगशाळा परवडत नव्हती. हवेतला दमटपणा दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घेतला, दोन-तीनशे रुपयांचा. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत बोंबलाचे तुकडे, वर मीटर, झाकण घट्ट, आणि चोवीस तास सावलीत. आतली हवा मासळीशी तोल साधते आणि मीटरवर दिसतो तो आकडा. तो ६० च्या (वरच्या ०.६० चाच शंभरपट आकडा) खाली असेल तर भरायचं, वर असेल तर माल परत वलांडीवर. स्वस्त मीटर खोटंही दाखवतो, म्हणून तो आधी मिठावर तपासायचा : वाटीत मीठ, त्यात लगदा होईल इतकंच पाणी, आणि दोन्ही बंद डब्यात. आकडा ७५ यायला हवा. दोन-तीनने चुकत असेल तर तेवढं धरून चालायचं.

लेबलवर एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तपकिरी त्रिकोणाचं मांसाहारी चिन्ह, आणि मासे किंवा कवचधारी प्राण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना. सोड्यांच्या बरणीला लेबल मुद्दाम मोठं केलं. प्रकाशाने त्यांचा रंग उडतो, म्हणून बरणीभोवती गुंडाळून फक्त दोन बोटांची खिडकी ठेवली, माल दिसण्यापुरती.

जिथे चुकलं

पहिल्या शंभर बोंबलाच्या पिशव्यांची हवा आम्ही पूर्ण ओढली. संध्याकाळी त्या दगडासारख्या घट्ट होत्या. सकाळी बऱ्याच सैल पडल्या होत्या. बाहेरच्या हवेचा सगळा दाब पिशवी आत ढकलतो, आणि आतून बोंबलाचा जबडा तिला टोचतो. नायलॉनसुद्धा तिथे हरलं.

दोन वाटा होत्या : जाड पिशवी घ्यायची किंवा बोंबलाचं डोकं-शेपटी कापायची. जाड पिशवी म्हणजे जास्त प्लास्टिक आणि जास्त खर्च, आणि तरी बोंबील मोडणारच. कापायचं ठरलं, हवाही पूर्ण न ओढता थोडी ठेवायची. पण कापलं की वजन घटतं, म्हणजे किलोचा भाव वाढवावा लागतो. गटात यावर दोन बैठका झाल्या. काही जणींना वाटत होतं, गिऱ्हाईक म्हणेल भाव चढवला. ताईंनी लेबलवर 'डोके-शेपटी काढलेले, थेट कढईत' असं लिहून घेतलं. शहरातल्या बायकांना नेमकं तेच आवडलं, कारण स्वयंपाकघरात ते काम त्यांनाच करावं लागत होतं. कापलेली डोकी कोंबड्यांच्या खाद्याला गेली.

दुसरी चूक जास्त गंभीर होती, आणि तिच्यात माझा वाटा आहे. खारा बांगडा निर्वात करायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं मागत होती, यंत्र हाताशी होतं. दोघींनी दहा पाकिटं भरली. आठवड्यात तीन फुगली. सुदैवाने एकही बाहेर गेलं नव्हतं. सगळी दहा जमिनीत पुरून टाकली.

खारा बांगडा हात लावला तरी ओलसर लागतो. तो टिकतो मिठावर, आणि मीठ कमी-जास्त लागलं असेल तर आत ओला भाग राहतो. हवा काढून टाकली की ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंना रान मोकळं मिळतं. त्यातला बोटुलिझमचा जंतू वासाने किंवा दिसण्याने ओळखू येत नाही आणि माणूस दगावू शकतो. पूर्ण कोरड्या बोंबलात त्याला वाढायला पाणीच नसतं. हे सगळं मी त्या दिवशी मासळी सुकवायच्या खळ्यात बसून, फुगलेलं पाकीट समोर ठेवून सांगितलं. ते दोन आठवडे आधी सांगायला हवं होतं. खारा बांगडा आजही गट फक्त गावच्या बाजारात, उघडा विकतो.

तिसरी चूक लहान. भर दुपारी वलांडीवरून काढलेला गरम माल तसाच पिशवीत गेला. रात्री पिशवीच्या आतून घाम धरला. आता माल सावलीत पसरून थंड करतात आणि सूर्य कलायच्या आत भरून टाकतात, कारण संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात तो पुन्हा ओलावा ओढतो.

काय झालं

त्या हंगामात कुरिअरने एकही पार्सल वासासाठी परत केलं नाही. बुरशीच्या तक्रारी दोन आल्या, दोन्ही मीटर यायच्या आधीच्या मालाच्या. सांडल्याची तक्रार बंद झाली. भोकं पडलेल्या पिशव्या अधूनमधून अजून निघतात, पण त्या बादलीत सापडतात, गिऱ्हाइकाच्या घरी नाही.

पैशाचा खरा फरक मात्र भावात नाही, वेळेत पडला. मे महिन्यात माल काढून टाकायची घाई संपली. जूनच्या मध्यापर्यंत नीट भरलेला बोंबील घरात ठेवून गटाने तो जुलै-ऑगस्टमध्ये विकला, जेव्हा ताजी मासळी नसते आणि लोक चवीला आसुसलेले असतात. व्यापारी आला तेव्हा ताईंनी त्याला पहिल्यांदा "यंदा नाही" असं सांगितलं. पाच रुपयांच्या पिशवीचं हे काम मला कुठल्याही हिशेबापेक्षा मोठं वाटतं.

सोड्यांच्या बरण्यांची दिवाळीत भेट म्हणून मागणी आली. हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. यंत्र दुसऱ्या हंगामात घेतलं, बीजभांडवल मिळाल्यावर.

एक गोष्ट सुटलेली नाही. नायलॉन-पॉलिथिनची पिशवी रिकामी झाल्यावर तिचं काय? दोन वेगळी प्लास्टिकं एकजीव झालेली, त्यात मासळीचा वास. आमच्या भागात ती कोणी घेत नाही. विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या (आपल्या वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी विकणाऱ्याने घ्यायची) २०२२ च्या नियमांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ब्रँडमालक म्हणून सूट आहे, त्यामुळे गटावर कायद्याचं ओझं नाही. ताईंना ते पुरेसं वाटत नाही, कारण तोच कचरा भरतीला त्यांच्या जाळ्यात येतो. एक किलोची पिशवी घेणाऱ्याला सवलत द्यायची, म्हणजे किलोमागे प्लास्टिक कमी लागेल, एवढंच सध्या केलं आहे. नुसत्या पॉलिथिनचे थर असलेल्या, पुनर्वापर करता येणाऱ्या पिशव्यांचे नमुने आम्ही मागवले. डब्याच्या चाचणीत त्या दोन दिवसांत हरल्या. पुढच्या हंगामात पुन्हा पाहू.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात मी पिशवीपासून केली, कारण तो माझा विषय. दुकानदार, मायक्रॉन, थर यांत तीन आठवडे गेले. मीटरची बरणी त्यानंतर आली. आधी ती ठेवली असती तर पहिला भिजलेला माल पिशवीत गेलाच नसता आणि बायकांचा नव्या पिशवीवरचा विश्वास मधे डळमळला नसता.

तक्रारींची वही पहिल्या दिवशी सुरू करायला हवी होती. आज ती आहे. पाठीमागच्या पानावर दर खेपेचा मीटरचा आकडा आणि पिशव्यांचा बिल क्रमांक असतो.

आणि चाचणी शंभरऐवजी दहा पिशव्यांवर केली असती तरी बोंबलाच्या जबड्याने तेच शिकवलं असतं, नव्वद पिशव्या वाचल्या असत्या.

गेल्या एप्रिलमध्ये पहिल्या वलांडीचा माल उतरला तेव्हा ताईंनी मला बरणीचा फोटो पाठवला. मीटर ६३ दाखवत होता. खाली लिहिलं होतं, "परत वर टाकला." तिसऱ्या दिवशीच्या फोटोत आकडा ५७ होता.